भामाकाकीचे दोन कायदे

पायांत मोजे घातलेला कोणीही माणूस आमच्या रस्त्यानं चालत निघाला, की भामाकाकी कुंपणाशी येऊन त्याला विचारायची, "तुमी सरकार मां?"

बहुतेक वेळा तो सरकार नसायचा. एकदा तो देवी टोचणारा निघाला, एकदा घरोघर डीडीटी मारत फिरणाऱ्या टोळीचा मुकादम, आणि एकदा तर मुंबईहून मुलगी बघायला आलेला नवरा मुलगा. त्या मुलाला तिनं उन्हात उभं करून आपले दोन्ही कायदे सांगितले. तो बिचारा "होय, होय" म्हणत राहिला आणि मुलीच्या घरी पोचल्यावर त्यानं भावी सासऱ्याला हळूच विचारलं, की या गावात लग्नाआधी परीक्षा घेतात का. लग्न झालं. पुढं तो सासुरवाडीला आला की भामाकाकी त्याला हटकून गाठायची. "जावयबापू, सांगलास मां मुंबयत?"

मी तेव्हा मालवणच्या हायस्कुलात नुकताच शिकवायला लागलो होतो. आमचं गाव मालवणहून कुडाळला जाणाऱ्या रस्त्यावर. घरात मी आणि आई, आणि एका कुंपणापलीकडे भामाकाकी. गावातले टवाळ तिला 'कायदेकाकी' म्हणायचे. मला त्यांचा राग यायचा. खरं सांगायचं तर तिचाही यायचा, कारण आमचे हेडमास्तर पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आले तेव्हा तिनं त्यांनाही सोडलं नाही. हेडमास्तरांच्या पायांत मोजे होते.

अंगानं ती ठेंगणी, रंगानं सावळी. लुगडं कायम वर खोचलेलं, आणि आवाज असा की तिनं कोंबड्यांना हाक मारली तर आमची मांजर उठून बसायची. लिहितावाचता येत नव्हतं. नवऱ्याच्या पाठीमागे घर, घराभोवतीची नारळाची बाग, तिला आम्ही भाट म्हणतो, आणि दोन बैल एवढं तिचं राज्य होतं. पोरबाळ नव्हतं. या राज्याचा पहिला नियम तिच्या अंगणात शिरतानाच कळायचा. बेड्याशी, म्हणजे कुंपणाच्या दाराशी, डाव्या अंगाला एक जांभ्याचा चिरा ठेवलेला होता. आत येणाऱ्यानं हातात जे काही असेल ते त्या चिऱ्यावर ठेवायचं आणि मग पुढं व्हायचं. नारळ पाडायला येणारा पाडेली आपला कोयता ठेवायचा, पोस्टमन थैली ठेवायचा, मासे विकणारी पाटी ठेवायची, पोरं काठ्या आणि पेरू ठेवायची. कोणाची सुटका नव्हती.

एकदा आई वाटीतून सुरमईची तुकडी घेऊन गेली, वाटी चिऱ्यावर ठेवून बोलायला लागली, आणि कावळ्यानं तुकडी उचलली. आई तापली.

"अगो, कालवणाची वाटी घेवन मी तुका मारूक येतंय काय?"

"तू नाय गो मारूचंस," भामाकाकी शांतपणे म्हणाली, "पण कायदो म्हटल्यार सगळ्यांका एक."

त्यानंतर चिऱ्यावर एक करवंटी आली, वाट्या झाकायला.

हा चिरा तिथं कसा आला ते सांगितल्याशिवाय भामाकाकी कळणार नाही.

तिचा नवरा विठूकाका. मालवण बंदरातून मीठ, कौलं, तांदूळ बैलगाडीत भरायचं आणि कुडाळच्या बाजाराला पोचतं करायचं, हा त्याचा धंदा. माणूस अबोल, बैलांशी मात्र भरपूर बोलायचा. एका दिवशी भरलेली गाडी घेऊन तो गावाबाहेरच्या अरुंद साकवावर अर्ध्यावर पोचला असताना समोरून लॉरी आली. दोघांतल्या एकाला मागं जाणं भाग होतं. लॉरीवाला हॉर्न वाजवत राहिला. विठूकाका म्हणाला, "भरलेली गाडी घेवन बैलाक मागे चलूक येणा नाय रे, तू जा." एवढंच तो म्हणाला, असं मागच्या गाडीवानानं ऐकलं होतं. ड्रायव्हर खाली उतरला तो लॉरी सुरू करायचं लोखंडी हँडल हातात घेऊनच. दोन शब्द झाले. तिसऱ्याला हँडल विठूकाकाच्या डोक्यात बसलं.

मग त्याच ड्रायव्हरनं त्याला लॉरीत घातलं, लॉरी त्याच साकवावरून मागं घेतली आणि लांबच्या वाटेनं फिरून मालवणच्या दवाखान्यात आणलं. जी लॉरी मागं जात नव्हती ती गेली. विठूकाका शुद्धीवर आला नाही. दुसऱ्या दिवशी गेला.

भामाकाकी दवाखान्याच्या पायरीवर बसली होती आणि तो ड्रायव्हर तिच्यापासून हातभर अंतरावर, पोलिसांच्या मधे बसून रडत होता. कोवळा पोरगा होता. भामाकाकी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. पुढं कोर्टात त्याला थोडीशी सजा झाली. रागाच्या भरात घडलं, मनात तसं नव्हतं, असं ठरलं. गाव खवळलं. ती नाही खवळली.

"खरा ता," ती आईला म्हणाली, "त्याच्या मनात नव्हताच. हातात होता."

आणि तिथून पहिला कायदा निघाला. रस्त्यावर जो कोण भांडायला उतरेल, त्याचे हात रिकामे पाहिजेत. हँडल असेल, चाबूक असेल, काठी असेल, ते गाडीतच राहिलं पाहिजे. त्यासाठी सरकारनं प्रत्येक लॉरीत हँडलाला कुलूप बसवावं आणि किल्ली क्लीनरकडे द्यावी, ड्रायव्हरकडे नाही. "किल्ली मागूक जायपर्यंत अर्धो राग उतारता," हे तिचं म्हणणं. "रवलेलो अर्धो थपडेत भागता. थपडेन कोण मराना नाय."

हा कायदा तिनं मामलेदारांनाही सांगितला होता. त्यांची जीप आमच्या घरासमोर पंक्चर झाली, हे त्यांचं नशीब. मामलेदार भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कचेरीतल्या मराठीत समजावलं, "बाई, मारणं हा गुन्हाच आहे. तसा कायदा अगोदरपासून आहे."

"मारू नये असो कायदो आसा, ता माका ठावक आसा," ती म्हणाली. "मारूक मेळू नये, असो करा."

मामलेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी जीपच्या चाकाकडे पाहिलं. जाताना त्यांनी तिला नमस्कार केला, तो थट्टेचा नव्हता.

तिच्या कायद्यांत एक गोष्ट अशी होती, की त्यात कधी कोणाचं नाव यायचं नाही. त्या ड्रायव्हरचं नाव गावात सगळ्यांना पाठ होतं. तिच्या तोंडून ते कोणी ऐकलं नाही. नेहमी 'जो कोण'. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाली, "नाव घेतला काय राग येता. कायद्यात राग घालून चलणा नाय रे मास्तर." ती मला, वयानं निम्म्याला, मास्तरच म्हणायची.

दुसरा कायदा मात्र तिला फार महाग पडला.

विठूकाकाच्या तेराव्याला मुंबईहून त्याचा पुतण्या आला. शांताराम. कुठल्याशा हापिसात कारकून, बोलायला गोड, कपडे नेहमी इस्त्रीचे. खरं तेच सांगायला हवं, त्या वर्षी त्यानं पुष्कळ धावपळ केली. कोर्टाच्या तारखांना गेला, जबान्या लिहून घेतल्या, काकीला जवळ बसून चार घास भरवले. ती त्याला आपलाच झील, आपलाच मुलगा, मानायला लागली. मग एके दिवशी तो म्हणाला, "काकी, परत्येक कागदाक तुका मालवणाक नेवचा लागता. तुझा माझ्या नावान मुखत्यारपत्र कर. मगे तुझ्या जागेर मी सही करीन."

आता अशा वेळी शहरातला माणूस वकिलाला विचारतो. आमच्याकडे देवाला विचारतात. रवळनाथाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल लावणं म्हणतात. जमिनीचं, लग्नाचं, आजारपणाचं काहीही त्याशिवाय पुढं सरकत नाही. भामाकाकीनं कौल लावला. गुरवानं विचारलं, शांतारामाला मुखत्यारपत्र द्यावं काय? उजवी पाकळी पडली, आणि तीही लगेच. भामाकाकीनं आनंदानं देवाला नारळ दिला आणि दुसऱ्या दिवशी मालवणला जाऊन कागदावर अंगठा दिला.

त्यानंतर काही वर्षं काहीच झालं नाही. शांताराम मे महिन्यात यायचा, आंबे खायचा, काकीच्या पायांवर डोकं ठेवायचा. मुंबईत त्याचा संसार वाढला. चाळीतल्या एका खोलीत किती माणसं राहत होती ते तोच जाणे. मग एका मेमध्ये तो आला नाही.

त्या पावसाळ्यानंतर एका सकाळी भामाकाकीच्या भाटात दोन अनोळखी पाडेली शिरले. बेड्यातून आले, पण चिऱ्यावर कोयते ठेवले नाहीत, सरळ माडाकडे गेले. ती ओरडली. "पयले हातातले कोयते थंय ठेवा!" त्यातला एक थांबला. ओशाळून म्हणाला, की आम्हाला शहरातल्या सावकारांनी पाठवलंय, भाट आता त्यांचं आहे, घरही त्यांचंच. तुम्हाला ठाऊक नाही?

तिला ठाऊक नव्हतं. तिच्या अंगठ्याच्या जोरावर तिचं घर विकून झालं होतं, आणि ते तिला एका पाडेल्यानं सांगितलं. तो पाडेली मात्र परत फिरला, कोयता चिऱ्यावर ठेवला आणि मान खाली घालून उभा राहिला. त्या दिवशी त्यानं नारळ पाडले नाहीत.

मी तिला मालवणला एका वकिलाकडे घेऊन गेलो. मला वाटत होतं, काहीतरी निघेल. वकिलांनी कागद मागवून पाहिले. विकण्याचा अधिकार कागदात साफ लिहिला होता. मुखत्यारपत्र आता रद्द करता येईल, ते म्हणाले, पण झालेली विक्री झाली. दावा लावता येईल, फसवणुकीचा. वर्षं जातील, निकाल सांगता येत नाही.

"दाव्यात नाव घालूचा लागता काय?" तिनं विचारलं.

"अर्थात. प्रतिवादीचं पूर्ण नाव."

तिनं पुढ्यातले कागद वकिलांकडे सरकवले. मग म्हणाली, "त्याचा आडनाव माझ्या घोवाचा आडनाव. आमच्या घराचा नाव कोर्टात एकदा पुकारल्यानी, ता पुरे झाला." उठता उठता तिनं विचारलं, "वकिलानु, जो कोणाच्या हातान सही करतलो तो वर्साक एकदा त्या माणसासमोर हुभो रवतलो, असो कायदो नाय?"

"नाही बाई."

"मगे करा."

"कायदे मी करत नाही. ते मुंबईला होतात."

"मगे मुंबयक कोण जाता?"

परतीच्या मोटारीत ती खिडकीशी बसली होती. मला रडू फुटायची वेळ आली होती, आणि तिनंच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. गावात लोक म्हणायला लागले, देवाचा कौल खोटा पडला. हे मात्र तिला सहन झालं नाही. ती गुरवाच्या घरी जाऊन म्हणाली, "देव चुकाक नाय. मीच अर्धा इचारलंय. देवचा काय, इतक्याच इचारलंय. किती दिसांसाठी देवचा, ता इचारूक नाय. देव इचारलेल्याचाच उत्तर देता."

तो तिचा दुसरा कायदा. मुखत्यारपत्राची मुदत एक वर्ष. वर्ष भरलं की ज्यानं हात घेतले त्यानं ज्याचे हात घेतले त्याच्यासमोर चार माणसांत रिकाम्या हातानं उभं राहायचं आणि विचारायचं, तुझे हात तुला परत देऊ काय? तो 'दी' म्हणाला तर कागद तिथंच संपला. उभा राहिला नाही तरीही संपला. मी पुढं आयुष्यात पुष्कळ शिकलेल्या माणसांची भाषणं ऐकली, पण यापेक्षा सरळ काही ऐकल्याचं आठवत नाही.

घर घेणारा सावकार माणूस वाईट नव्हता. जत्रेपर्यंत राहा म्हणाला. आमच्या परड्यात एक मांगर होता, पूर्वी गवत आणि शेणी ठेवायचं खोपट. आईनं तो सारवून घेतला. भामाकाकीच्या हलवायच्या सामानात भांडी होती, देव होते, आणि तो चिरा होता. चिऱ्यासाठी तिनं सावकाराची रीतसर परवानगी मागितली. त्याला वाटलं, दगडाखाली काही पुरलेलं आहे. त्यानं माणसं पाठवून खणून बघितलं, मग म्हणाला, न्या.

जत्रेच्या दुपारी देवळात गाऱ्हाणं असतं. सगळा गाव मंडपात जमतो, मुंबईकर असतील ते पुढं उभे राहतात, आणि गावचा मानकरी देवासमोर गावाच्या वतीनं एकेक मागणं घालतो. प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी एका आवाजात 'होय म्हाराजा' म्हणायचं. लहानपणापासून ते तोंडात इतकं बसलेलं असतं, की मागणं संपायच्या आत होकार बाहेर पडतो. आणि देवासमोर दिलेला होकार म्हणजे दिलेला शब्द. तो आमच्याकडे कोणी परत घेत नाही.

आमचे मानकरी बाबुलकाका. भामाकाकी आदल्या दिवशी त्यांच्याकडे गेली आणि आपले दोन्ही कायदे गाऱ्हाण्यात घालायला सांगितले. ते घाबरले.

"भामे, देवळात कोणाची उणी काढूक येवची नाय."

"मी खंय नाव सांगतंय? कायद्यात नाव नसता. सरकाराक आयकाक येना नाय, म्हणान देवाक सांगतंय."

शांताराम त्या जत्रेला आला होता. का आला, देवच जाणे. जत्रा चुकवायचं धाडस मुंबईकरालाही होत नाही. काकीच्या घराकडे तो फिरकला नव्हता. मंडपात पुढच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, हात जोडून, डोळे मिटून उभा होता. मी त्याच्या मागंच होतो. भामाकाकी बायकांच्या बाजूला खांबाशी.

बाबुलकाकांनी सुरुवात केली. "बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज वर्साप्रमाणा तुझी लेकरा तुझ्या पायाशी जमली आसत, त्यांची सेवा मान्य करून घे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"मुंबयक, घाटार, बोटीर जो कोण पोटासाठी गेलो आसा, त्याच्या पाठीक हुभो रव, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

गुरांचं झालं, पिकांचं झालं, साथीचं झालं. मग बाबुलकाका किंचित अडखळले.

"आणि बा देवा म्हाराजा, रस्त्यार जो कोण भांडूक उतारतलो, त्याचे हात पयले रिकामे कर, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मागं कोणीतरी खुदकन हसलं.

"आणि जो कोण दुसऱ्याच्या हातान सही करता, त्याका वर्साक एकदा त्या माणसासमोर रिकाम्या हातान हुभो कर. तुझे हात तुका परत देव काय, असा त्याच्या तोंडातसून इचारून घे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

माझ्यासमोरचा आवाज मी ओळखला. शांताराम सगळ्यांबरोबर, मोठ्यानं, डोळे मिटूनच म्हणाला होता. मग त्याचे डोळे उघडले. त्याची मान तांबडी झालेली मला मागून दिसली. बाबुलकाकांनी घाईघाईनं शेवटचं मागणं घालून गाऱ्हाणं आटपलं. भामाकाकीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती देवाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. तिचा मांगरातला पहिलाच दिवस होता. मांगराच्या दाराशी चिरा मांडून झाला होता. त्यानं हातातली पिशवी चिऱ्यावर ठेवली. आई, मी, गुरव आणि रस्त्यावरून जाणारी चारदोन माणसं, आम्ही सगळे होतो. कोणी बोलावलं नव्हतं.

"काकी," तो म्हणाला, आणि एक पाऊल पुढं आला. "काकी, तुझे हात तुका परत देव काय?"

"दी," ती म्हणाली.

"गेले गो. सगळा गेला. खोली घेतलंय, पोरांका दुखणी इली, काय रवाक नाय."

"ठावक आसा माका."

"मगे मी आता काय करू?"

ती सुपात तांदूळ पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "फुडच्या वर्साक ये. वर्साक एकदा, असा म्हटलंस तू देवाक."

आणि तो येत राहिला. जो कायदा कुठल्या पुस्तकात नव्हता, कुठल्या कोर्टाला ठाऊक नव्हता, तो एकट्या शांतारामाला लागू झाला. दर जत्रेच्या दुसऱ्या दिवशी यायचं, पिशवी चिऱ्यावर ठेवायची, समोर उभं राहायचं, तेच विचारायचं. ती 'दी' म्हणायची. तो मान खाली घालायचा. मग ती त्याला भाकरी वाढायची आणि तो जेवून मुंबईला जायचा. एकदा त्यानं तिच्यासाठी लुगडं आणलं. ते चिऱ्यावर ठेवायला लावलं आणि जाताना परत न्यायला लावलं. मला त्याचा राग होता, तो आजही गेलेला नाही. पण त्या चिऱ्यापुढं उभा असलेला शांताराम पाहिला की मला दुसरीकडे बघावंसं वाटायचं.

तिच्याकडे बघणं तर त्याहून अवघड होतं. मांगराच्या दारातून तिला तिचं भाट दिसायचं. सावकाराचे पाडेली आले, की माडावरून नारळ पडल्याचा धप्प आवाज यायचा, आणि तेवढ्यापुरता तिचा हात थांबायचा. भात निवडत असो की केर काढत असो. मग पुन्हा चालू. ती कधी रडली नाही, तक्रार केली नाही. आई मात्र अशा दिवशी जेवायची नाही.

महाराष्ट्र झाला तेव्हा गावात मिरवणूक निघाली, पेढे वाटले. भामाकाकीच्या डोक्यात वेगळीच काळजी. रात्रभर विचार करून सकाळी मला म्हणाली, "मास्तर, पयल्या सरकाराक सांगलेला ह्या सरकाराक कळता, काय परत सांगूचा लागता?" मी म्हणालो, परत सांगावं लागेल बहुतेक. तिनं सुस्कारा टाकला आणि कुंपणाशी जाऊन उभी राहिली.

अशी आणखी काही वर्षं गेली. मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि माणसं धूसर झाली. पाठोपाठ आठवणही धूसर झाली. आईला ती कधी कधी आपल्या सासूच्या नावानं हाक मारायची, विठूकाकासाठी भाकरी बाजूला काढून ठेवायची. कायदे तेवढे राहिले. ते ती घडाघडा म्हणायची, एक शब्द चुकायची नाही.

त्या वर्षी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी शांताराम आला तो थकलेला दिसला. केस पिकले होते. पिशवी त्यानं चिऱ्यावर ठेवली आणि नेहमीच्या जागी उभा राहिला. भामाकाकी दारात भिंतीला टेकून बसली होती. तिला चेहरा दिसत नव्हता. खाली झुकलेल्या नजरेला दिसले ते त्याचे बूट, आणि बुटांतले मोजे. ती सावरून बसली. पदर नीट केला.

"तुमी सरकार मां?"

आई पुढं झाली. शांतारामानं हातानंच तिला थांबवलं.

"होय," तो म्हणाला.

"मगे लिवन घेवा," भामाकाकी म्हणाली. "नाव घालू नुको. जो कोण, म्हणान लिवा." आणि तिनं दोन्ही कायदे सांगितले. हँडलाचा सांगितला, कुलूप आणि किल्लीसकट. मग मुखत्यारपत्राचा सांगितला. वर्षाची मुदत, चार माणसं, रिकामे हात, सगळं. तो ऐकत होता. त्याच्या हातात लिहायला काहीच नव्हतं.

"करतलास मां?"

"करतलो, काकी. करतलो."

"तसा न्हय. देवळात म्हणतत तसा म्हणा."

त्यानं हात जोडले. "होय म्हाराजा," म्हणाला. आवाज आम्हाला जेमतेम ऐकू आला.

भामाकाकीचा चेहरा इतका निवळला, की विठूकाका गेल्यापासून तो तसा मी पाहिला नव्हता. ती आईकडे वळली. "आयकलंस गो? झालो कायदो. आता माझो शांताराम इलो काय त्याका सांग, म्हणा, येव नुको आता. वर्सावर्साक मुंबयसून येता, पोर थकला माझा. म्हणा, सरकारान कायदो केल्यान, तू सुटलंस."

घर गेल्यापासून त्याचं नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा आलं होतं.

आईनं तोंडाला पदर लावला. पलीकडे भाटात कुठंतरी नारळ पडला. भामाकाकीचा हात या खेपेला थांबला नाही. ती मांडीवरचं लुगडं नीट करत राहिली, समाधानानं. शिमग्याच्या आधीच ती गेली. पण मला ती दिसते ती त्या दिवशीची, आणि तिच्यासमोर उभा असलेला तो शांताराम, ज्याला जा म्हटलं तरी जाता येत नव्हतं. दोन्ही हात खाली सोडून तो तसाच उभा होता.